धुळाची ऐपत

धुळा मेंढक्याला पत्ता नव्हता. माण तालुक्यातल्या एका वाडीत त्याचं दोन खणांचं घर होतं, पण दिवाळी झाली की त्या घराला कडी घालून तो मेंढरं हाकत खाली नदीकाठच्या मुलखात उतरायचा, तो मृगाच्या तोंडालाच माघारी फिरायचा. त्यामुळं त्याच्या नावाचं जे काही टपाल असेल ते पलूसला लालासाहेब सुभेदारांच्या पत्त्यावर यायचं. टपाल म्हणजे तरी काय, त्याच्या एकुलत्या एका पोराची, नानासोची, वर्षातनं दोन-तीन पत्रं. जहाजावरनं आलेली, निरनिराळ्या देशांची तिकिटं डकवलेली.

लालासाहेब पलटणीतनं नायब सुभेदार होऊन घरी आले त्याला दहा वर्षं होत आली होती. नदीच्या अंगाला त्यांचा सात एकरांचा मळा होता. ऊस तुटून गेला की दर साली धुळाची दीडशे मेंढरं त्या रानात बसायची. जाळीचं वाघर लावून रोज जागा पालटायची, आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं रान लेंडीखतानं काळंभोर करून टाकायची. बदल्यात लालासाहेब जोंधळ्याची पोती द्यायचे. हा झाला व्यवहार. पण बहात्तरच्या दुष्काळात माणदेशात प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा धुळा माघारी गेलाच नाही. वर्षभर त्याचं बिऱ्हाड लालासाहेबांच्या बांधावर होतं आणि मेंढरं उसाच्या वाढ्यावर जगली. त्या वर्षानंतर दोघांमधलं बोलणं व्यवहाराचं राहिलं नाही.

नानासोला मुंबईची वाट दाखवली तीही लालासाहेबांनीच. आधी त्यांनी पोराला सांगलीला भरतीला नेलं होतं. तिथं छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. मग पलटणीतला एक जुना सोबती मुंबईच्या गोदीत होता, त्याच्या नावानं चिठ्ठी दिली. पोरगं गोदीतनं जहाजावर गेलं आणि जहाजावरनं जगभर.

पंच्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात आलेलं पाकीट मात्र लांबट होतं, टाइप केलेलं, आणि जहाज कंपनीच्या मुंबईच्या हापिसातलं. लालासाहेबांचं इंग्रजी पलटणीपुरतं होतं, त्यांना ते झेपेना. त्यांनी पत्र हायस्कुलातल्या नाथाजी मास्तरांकडं नेलं. मास्तरांनी आधी मनातल्या मनात वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि मग सांगितलं.

अमेरिकेत बाल्टिमोर नावाच्या बंदरात माल उतरवताना नानासो जहाजाच्या पोटात वरनं खाली कोसळला होता. पाठीचा कणा मोडला होता, कमरेखालचं अंग गेलं होतं. तिथल्या दवाखान्यात होता आणि आणखी काही महिने त्याला हलवता येणार नव्हतं. वडलांना बोलवा म्हणत होता. घरच्या एका माणसाला जायचं-यायचं विमानाचं तिकीट कंपनी देणार होती. पासपोर्ट आणि व्हिसा घरच्यांनी काढायचा होता. आणि तिथं राहण्याखाण्याचा खर्च तो माणूस स्वतः पेलील, नाहीतर त्याच्यासाठी दुसरं कोणी करील, ह्याचा पुरावा वकिलातीत दाखवायचा होता.

लालासाहेब तसेच रानात गेले. धुळा वाघराची तुटलेली जाळी गाठत बसला होता. रंगुबाई, त्याची बायको, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. लालासाहेबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना त्यांची नजर धुळाच्या बोटांवर होती. बोटं गाठ मारायची थांबली नाहीत.

"जित्ता हाय न्हवं?" धुळानं विचारलं.

"हाय."

"मग जायाचं. किती दिसाची वाट हाय?"

"इमानानं दीड दिवस."

धुळानं मान वर केली. "दीड दिसात मेंढरं घिऊन आमी हितनं इट्याच्या बाजाराला पोचत न्हाई, सुभेदार."

रंगुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली नव्हती. ती करपायला लागली तरी तिचं लक्ष गेलं नाही. "मी जाते," ती म्हणाली.

"एकाचंच तिकीट हाय, रंगुबाई. आन त्यानं बापाला बोलावलंय."

"आई म्हनाया लाजला आसंल त्यो," ती म्हणाली आणि करपलेली भाकरी कुत्र्यापुढं टाकली.

पासपोर्टला सहा आठवडे गेले. लालासाहेबांनी त्यात कुठं कसूर केली नाही. धुळाला फेटा बांधून पलूसला फोटो काढवला, अर्जावर अंगठे उठवले, साताऱ्याला दोनदा खेटे घातले, माणमधल्या वाडीत पोलीस चौकशीला गेला तेव्हा स्वतः जाऊन हजर राहिले. नानासोला मास्तरांकडनं एक पत्र लिहून घेतलं, तुझा बाप येतोय म्हणून. गडद निळ्या पुठ्ठ्याची पासपोर्टची वही हातात आली त्या दिवशी धुळानं ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून पोटाशी धरली. लालासाहेबांना वाटलं, निम्मा गड सर झाला.

मग ऐपतीचा दाखला. तो ज्याच्या त्याच्या तालुक्यातच मिळतो, म्हणून दोघं माणची कचेरी आहे त्या दहिवडीला गेले. कचेरीतला कारकून आप्पासो म्हणून होता, माणूस चांगला. पोराची हकिकत ऐकून त्यानं दोघांना आपल्या टेबलापाशी बसवून घेतलं आणि कागद पुढं ओढला.

"जमीन किती?"

"चार एकर. माळ हाय," धुळा म्हणाला.

"विहीर?"

"न्हाई."

"आणिक काय?"

"दीडशे मेंढरं."

आप्पासोनं टाक उचलला आणि कागदावर कुठं टेकवावा हे शोधत राहिला. "मेंढरं लिवायला ह्यात रकाना न्हाई गड्या."

"का वो?"

"जमीन हाय त्या जाग्याव राहती. मेंढरं आज हितं, उद्या तिथं. आणि मरत्यात."

"पीकबी मरतंय की," धुळा म्हणाला. भांडण्याच्या सुरात नाही, नुसतं आठवण करून दिल्यासारखं.

"ते खरं हाय. पर रकाना न्हाई." कारकुनानं चार एकर माळाची किंमत लिहिली. ती बघून त्याला स्वतःलाच ओशाळं झालं. "ह्या दाखल्यावर तुला कोन बी इमानात बसू देनार न्हाई. त्यापरीस एक करा. बागायत जमीनवाला कुनी तरी म्होरं येऊन लिहून देऊ दे, की ह्याचा तिथला खर्च मी करीन म्हनून. त्याचा सातबारा जोडा. त्यो कागद चालतो." एवढं बोलून त्यानं लालासाहेबांकडं पाहिलं. वाईट हेतूनं नाही. समोर पटका बांधलेला, बागायतदार दिसणारा दुसरा माणूस बसलेला होता, म्हणून पाहिलं.

धुळानं पाहिलं नाही. तो आपल्या पायांकडं बघत होता.

लालासाहेब म्हणाले, "बघू. घरी इचारतो."

येताना यष्टीत दोघं शेजारी बसले होते. लालासाहेबांनी पुढं किती तरी वेळा तो प्रवास आठवला. तेव्हा त्यांच्या तोंडून "देतो मी लिहून" एवढंच निघायला हवं होतं. पलटणीत असताना त्यांनी ओळखदेख नसलेल्या माणसासाठी बर्फात रात्र काढली होती. पण तिथं हुकूम होता. इथं घर होतं.

घरी विचारलं तेव्हा जे व्हायचं तेच झालं. धाकटा भाऊ कृष्णात म्हणाला, "मानूस चांगला हाय, कोन न्हाई म्हनतंय? पर तिकडं जाऊन पोराजवळ र्‍हायला, तर सरकार कुनाला धरंल? कागदाव नाव तुमचं." बायको, बनुबाई, तेवढं बोलली नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आवं, अंजनाचं शिरवळला जमतंय. ती मान्सं रान बघाया येनार हायती. सातबाऱ्याव बोजा चढला म्हंजी काय सांगायचं त्यास्नी? लगीन हुस्तवर तरी थांबा."

अंजना त्यांची एकुलती लेक. बनुबाईच्या बोलण्यात खोट नव्हती. लालासाहेबांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी रानात गेले आणि धुळाला म्हणाले, "म्या इचार केला. दुसऱ्याच्या कागदापरीस आपला कागद पक्का. मेंढरं इकून टाक. पैसा ब्यांकेत तुझ्या नावानं ठेवायचा आन ब्यांकेचं पत्र घ्यायचं. मग तुला कुनाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई."

हे बोलताना आपण धुळाच्या भल्याचं बोलतोय असं त्यांना जवळजवळ वाटलं.

मेंढरं पलीकडच्या तुटलेल्या उसाच्या रानात चरत होती, त्यांच्याकडं बघत धुळा म्हणाला, "समदी?"

"थोडक्यात भागायचं न्हाई. अमेरिका हाय ती."

"तुमी म्हंता तर तसंच करू," धुळा म्हणाला.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत आठ दिवस गेले. मिरजेकडचा एक व्यापारी दोन ट्रक घेऊन आला. दुपारची वेळ होती. रंगुबाई सकाळपासनं मेंढरांमधनं हिंडत होती. कुणाच्या कानामागची गोचीड काढत होती, कुणाच्या खुरातला चिखल. विकलेल्या जनावराचे खूर कशाला साफ करतेस असं तिला कुणी म्हणालं नाही. ट्रकची फळी लावली तेव्हा मेंढरं चढेनात. व्यापाऱ्याची माणसं काठ्या घेऊन पुढं आली. धुळानं त्यांना हातानं बाजूला सारलं, स्वतः फळीवरनं ट्रकात चढला आणि आतनं जिभेनं टकटक असा आवाज केला. मेंढरं एकामागनं एक त्याच्या मागं चढून गेली. दोन्ही ट्रक असे त्यानं भरून दिले. मग फळक्यावरनं खाली उडी मारली आणि त्यांच्याकडं न बघता रानाच्या दुसऱ्या कडेला चालत गेला.

संध्याकाळी कुत्रं मोकळ्या वाघराभोवती फेऱ्या घालत होतं. लालासाहेबांनी ते बांधावरनं पाहिलं आणि पुढं न जाता माघारी वळले.

बँकेत पैसे ठेवून, पत्र घेऊन दोघं मुंबईला गेले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. वकिलातीत पहाटेपासनं रांग होती. कोटवाले, टायवाले, हातात चामड्याच्या पिशव्या घेतलेले लोक. त्यांच्यामधे धुळा घोंगडं खांद्यावर टाकून, नव्या कोऱ्या वहाणा घालून उभा होता. त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता आणि आजूबाजूची माणसं थोडं अंतर ठेवून होती. मेंढरं विकून दोन आठवडे होत आले तरी तो वास गेला नव्हता.

दुपारी नंबर लागला. काचेपलीकडं पिकल्या केसांची एक गोरी बाई होती, शेजारी दुभाषा. ती आवाज न चढवता विचारत होती आणि दुभाषा मराठीत सांगत होता. तिनं कंपनीचं पत्र वाचलं, दवाखान्याचा कागद वाचला. मान हलवून काही तरी म्हणाली. दुभाषा म्हणाला, "तुमच्या मुलाबद्दल त्यांना वाईट वाटतं."

मग तिनं बँकेचं पत्र हातात घेतलं.

"हे पैसे दोन आठवड्यांपूर्वी एकदम जमा झाले आहेत. कुठून आले?"

"मेंढरं इकली," धुळा म्हणाला.

"किती?"

"समदी."

दुभाष्यानं ते सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवलं आणि धुळाकडं नीट पाहिलं. मग ती सावकाश बोलली. दुभाष्यालाही ते सांगायला जड गेलं असावं.

"त्या विचारतात, खर्चाचं ठीक आहे. पण पाहुणा म्हणून जाणाऱ्या माणसानं परत येणार हे दाखवावं लागतं. जमीन म्हणजे चार एकर माळ. मुलगा तिकडं. मेंढरं होती ती विकली. मग परत येण्यासाठी तुमचं इथं काय राहिलं?"

धुळाला प्रश्न कळला नाही असं नाही. तो काचेकडं बघत म्हणाला, "बायकू हाय. कुत्रं हाय."

दीडशे मेंढरं हाच त्या माणसाच्या परत येण्याचा पुरावा होता, आणि तो लालासाहेबांनीच विकायला लावला होता. ते पुढं झाले. पलटणीतल्या हिंदीत, मराठीत, जसं येईल तसं बोलले. ह्याचा खर्च मी करतो, हा परत येईल ह्याची जबाबदारी माझी, माझी सात एकर बागायत आहे.

"तुम्ही ह्यांचे कोण?"

लालासाहेब अडखळले. भाऊ म्हणावं तर जात वेगळी, आडनाव वेगळं. मित्र हा शब्द त्यांनी आयुष्यात कुणाबद्दल वापरला नव्हता. "ह्याची मेंढरं माझ्या रानात बसतात," ते म्हणाले.

दुभाष्यानं ते कसं सांगितलं कुणास ठाऊक. बाईनं विचारलं, "कागद आणलेत?"

"न्हाई."

"प्रतिज्ञापत्र करा, जमिनीचे उतारे जोडा आणि घेऊन या. अर्ज मी बंद करत नाही, बाजूला ठेवते. तुम्ही आल्यावर पुन्हा बघेन." आणि मग ती आणखी एक वाक्य बोलली, ते दुभाष्यानं जरा खालच्या आवाजात सांगितलं. "त्या म्हणतात, हे कागद आधीच का नाही आणले?"

धुळा घोंगडं सावरत म्हणाला, "म्या सांगितलं न्हवतं त्यास्नी."

लालासाहेबांनी घरी काही विचारलं नाही. गावात उतरले तसे तलाठ्याकडं गेले. तलाठी वसुलीला गेलेला, तो दोन दिवसांनी भेटला. मग सांगलीला कोर्टाच्या आवारात जाऊन वकिलाकडनं स्टँपपेपरवर मजकूर करून घेतला. सही करताना त्यांनी वकिलाला विचारलं, "ह्याचा बोजा सातबाऱ्यावर कवा चढंल?"

वकील हसला. "चढत नाही, सुभेदार. जमिनीला ह्यानं काही होत नाही. तुम्ही शब्द दिलाय, तो कागदावर आहे, इतकंच."

लालासाहेब टाक हातात धरून थोडे थांबले. वकिलाला वाटलं शाई संपली, त्यानं दौत पुढं सरकवली. त्यांनी सही केली.

इंग्रजी तर्जुमा, नोटरी, सगळं होईपर्यंत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दोघं पुन्हा मुंबईला निघाले. ह्या खेपेला रांगेत उभं राहावं लागलं नाही. दुभाष्यानं त्यांना ओळखलं आणि आत घेतलं. बाईनं प्रतिज्ञापत्र शेवटपर्यंत वाचलं, लालासाहेबांच्या पेन्शनचा कागदही पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्ट हातात मिळाला. आत शिक्का होता. धुळानं त्या शिक्क्यावर अंगठा फिरवून पाहिला.

"आता कुनी आडवत न्हाई?"

"न्हाई."

तिथनं ते चालतच कंपनीच्या हापिसात गेले. बाहेर ऊन होतं. धुळा भरभर चालत होता. लालासाहेबांना त्याच्या बरोबरीनं चालणं जमेना. रस्त्यात एकदा थांबून त्यानं विचारलं, तिकडं थंडी असेल तर दोन घोंगडी नेली तर चालतील का, एक पोराला. लालासाहेब म्हणाले, चालतील. वाटेत बाजार लागला तिथं धुळानं भाजक्या शेंगा घेतल्या. नानासोला आवडतात म्हणाला.

कंपनीतल्या माणसानं त्यांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. चहा येईस्तोवर तो कागद चाळत राहिला. लालासाहेबांनी पलटणीत असे निरोप दिलेले होते. चहा समोर ठेवला गेला तेव्हाच त्यांना कळलं.

नानासो चार दिवसांपूर्वी गेला होता. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, ताप भरला तो उतरला नाही. पलूसला तार केली होती, पण तार पोचली तेव्हा हे दोघं मुंबईच्या वाटेवर होते. कुणाचा जबाब आला नाही म्हणून तिथंच, खलाशांच्या दफनभूमीत त्याला माती दिली होती.

धुळानं चहाचा कप उचलला, बशीत ओतला, आणि बशी तशीच खाली ठेवली. विचारलं, "वळख पटवून पुरला का तसाच?"

"नावानिशी. दगड लावलाय म्हणतात."

"बरं," धुळा म्हणाला. मग खिशातला पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. "ह्यो तुमी ठिवता का?"

त्या माणसानं तो परत त्याच्या हातात दिला. म्हणाला, हा तुमचाच आहे, बाबा.

परतीच्या गाडीत धुळा खिडकीशी बसला होता. लालासाहेब शेजारी. शेंगांची पुडी धुळाच्या मांडीवर होती, तिला त्यानं हात लावला नाही. लालासाहेबांच्या डोक्यात दिवस फिरत होते. दहिवडीच्या कचेरीत कारकुनानं वर पाहिलं तो दिवस, आणि सांगलीला सही केली तो दिवस. मधे महिन्याला थोडे कमी. त्यांनी तिथंच हो म्हटलं असतं तर बाप पोराच्या उशाशी असता, एक-दोन दिवस नव्हे, चांगले पंधरा-वीस दिवस. हे त्यांना धुळाला सांगायचं होतं. शिरवळ आलं, खंबाटकी आली, सातारा आला. प्रत्येक ठिकाणी त्यांनी ठरवलं, आता बोलायचं. मग पुढचं गाव यायचं.

पलूसला रंगुबाई रस्त्यावरच उभी होती. तार तिनं कुणाकडनं वाचून घेतली होती. दोघंही परत आलेले बघून तिनं पदर तोंडात कोंबला आणि खाली बसली.

चार दिवसांनी ते बिऱ्हाड घोड्यावर लादून माणकडं निघून गेलं. मेंढरांवाचून. वैशाखात अंजनाचं लग्न झालं. शिरवळकरांनी सातबारा मागितला नाही, की रानही पाहिलं नाही. त्यांना पोरगी पसंत होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर लालासाहेबांनी ऊस तुटलेलं रान मोकळं ठेवलं. बनुबाईनं जोंधळ्याची दोन पोती चाळून वेगळी काढून ठेवली. कृष्णात म्हणाला, नांगर घालू. लालासाहेब म्हणाले, थांब जरा. पौष आला तरी कुणी आलं नाही. मग पलूसच्या बाजारात कुणी तरी सांगितलं, धुळा तिकडं कुंडलच्या शिवारात उतरलाय, बँकेतल्या पैशातनं साठेक मेंढरं घेतल्यात.

त्याच आठवड्यात एक पत्र आलं होतं. बाल्टिमोरच्या पाद्र्याचं, कंपनीमार्फत फिरत फिरत आलेलं. नाथाजी मास्तरांनी त्याचं मराठी करून रेघांच्या कागदावर लिहून दिलं होतं. लालासाहेबांनी ते पैरणीच्या खिशात घातलं आणि सायकलवरनं कुंडल गाठलं.

धुळा थकलेला दिसत होता. त्यानं घोंगडं झटकून अंथरलं, "या सुभेदार," म्हणाला. रंगुबाईनं चहा केला. लालासाहेबांनी तिथंच पत्र वाचलं. पाद्र्यानं लिहिलं होतं की पोरगा शहाणा होता, कुणाला त्रास दिला नाही. रोज सकाळी पाद्री आला की पोरगा विचारायचा, माझा बाप निघाला का? पाद्री सांगायचा, निघालाय, वाटेवर आहे. तेवढ्यानं त्याचं समाधान व्हायचं. शेवटच्या आठवड्यात तो पाद्र्याला म्हणाला होता, माझ्या बापाला यायला वेळ लागेल, तो मेंढरांच्या चालीनं चालतो.

साठ मेंढरं समोर चरत होती, अजून एकमेकांना न रुळलेली, विखरून विखरून.

"किती दिस उशीर झाला वो आपल्याला?" रंगुबाईनं विचारलं. तिनं हे धुळाला कधी विचारलं नसावं.

"चार दिस," लालासाहेब म्हणाले.

"कशानं?"

लालासाहेबांच्या आधी धुळा बोलला. "कागदानं," तो म्हणाला आणि मेंढरांकडं बघत राहिला. तेव्हा लालासाहेबांना उमगलं, की ह्याला सगळं ठाऊक आहे. दहिवडीच्या त्या टेबलापाशी मान खाली घालून बसला होता तेव्हापासनं ठाऊक आहे.

"कागदानं न्हाई रंगुबाई," ते म्हणाले. "माझ्यामुळं झाला. मला लिहून द्यायला पयल्या दिशीच सांगितलं हुतं. म्या कचरलो. रानाला काय हुईल म्हनून भ्यालो. आन मेंढरं म्याच इकायला लावली."

रंगुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. चूल विझत आली होती. लालासाहेब वाट बघत होते, ती काही तरी म्हणेल, शिव्या देईल, उठून जाईल.

"पत्र पुन्ना वाचा," ती म्हणाली. "त्यो सकाळी इचारायचा, तितनं."

लालासाहेबांनी पुन्हा वाचलं. मग तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ते मधेच थांबले, तेव्हा धुळानं त्यांच्या हातातला कागद घेतला, घडी घातली आणि रंगुबाईजवळ दिला.

धुळा पुढंही दर साली खाली उतरत राहिला. त्याची मेंढरं लालासाहेबांच्या रानात पुन्हा कधी बसली नाहीत. मळ्याच्या कडेनं जाताना तो बांधावर येऊन उभा राहायचा, माझं काय टपाल हाय का म्हणून विचारायचा. लालासाहेब म्हणायचे, न्हाई. मग दोघं थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि मेंढरं पुढं निघून गेलेली असायची म्हणून धुळा जायला वळायचा.